उरलेले उजवे मूत्रपिंड

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्या क्षणी त्याला आपल्या देहाचे खरे स्वरूप कळून येते. असे मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवले आहे, म्हणून मी ते खोटे म्हणत नाही. माझ्या आयुष्यात तो क्षण शाळातपासणीच्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, चौथीला अपूर्णांक चालू असताना आला. मला एवढेच कळून आले, की सकाळी आठपासून मी लघवीला गेलेली नाही, जायला जागा नाही, आणि डाव्या कुशीत कुणीतरी पहार घालून ती सावकाश फिरवीत आहे.

तपासणीला आलेले साहेब गावातल्या एकुलत्या एका हातांच्या खुर्चीवर बसले होते. समोर हार, नारळ, चहा. मी फळ्यावर तीन छेद चार लिहिले आणि हातातला खडू गळाला. तो उचलायला वाकले ती मला सरळ होता येईना. मुलांना वाटले, बाई खडू शोधताहेत. हेडमास्तरांना वाटले, बाई साहेबांना घाबरल्या. मग मला उलटी झाली. साहेबांनी पाय वर घेतले आणि शेऱ्यात लिहिले, ‘शिक्षिका प्रकृतीने नाजूक.’

मला पेंढा घातलेल्या बैलगाडीत निजवून कामशेत स्टेशनवर पोचवले. वाट चार मैलांची. त्या वाटेवर चाकोऱ्या किती आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

*

शाळा कामशेतच्या आत, नाणे मावळात होती. मी लोणावळ्याहून सकाळच्या पॅसेंजरने कामशेतला उतरे, तिथून चालत जाई, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत साडेदहा तास जात.

शाळेला दोन खोल्या, एक व्हरांडा, एक घंटा आणि एक झेंड्याचा खांब होता. मुतारी नव्हती. हेडमास्तर ओढ्याकडे जात, मुलगे कुंपणाला जात. गावच्या बायका उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर जात. मधल्या बारा तासांत बाईला ती गरज नसते असे गावाने धरून चालले होते, आणि बायकांनी ते खरे करून दाखवले होते.

माझ्या आधीच्या शिक्षिकेने हजेरीपटाबरोबर ही युक्तीही माझ्या स्वाधीन केली. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर थेट घरी येऊन पाणी. पहिला महिना जड गेला. मग तहान लागायची बंद झाली. मला तेव्हा ती शिस्त वाटली आणि तिचा थोडा अभिमानही वाटला. नऊ वर्षे मी ती पाळली. आरोग्य सप्ताहात मी मुलांना ‘भरपूर पाणी प्या’ हा पाठ शिकवी, आणि तो शिकवताना घसा कोरडा पडे म्हणून मध्ये थांबे.

मुतखडा हा उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या मुलखातला आजार, अशी माझी समजूत होती. चार महिने घरातले धुणे वाळत नाही, भिंतींना शेवाळ येते, अशा लोणावळ्यात राहून मला पाण्यावाचून खडा झाला. हे मी पुढे ज्याला ज्याला सांगितले, तो आधी हसला.

*

आजाराचे नाव घरात उच्चारायचे नाही, असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवले. बाईमाणसाचा आजार, त्यात असले नाव. तेव्हा शेजारी ‘पोटाचं आहे’ एवढेच सांगण्यात आले. मला उलट्या होत होत्या आणि मी रजेवर होते. चाळीने त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. आमची नलू पाच वर्षांची होती. तिच्या पाठीवर भावंड येणार म्हणून दोन घरांतून मला चिंचा आणि एका घरातून लोणचे आले. सासूबाईंनी ते ठेवून घेतले. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते.

माझे यजमान लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मुळातच कमी बोलत. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा गाडीत ते खडकीपर्यंत गप्प होते. खडकीला म्हणाले, “औषधानं विरघळेल.” मी हो म्हटले. 

दंडात औषध टोचून फोटो काढले. उजवीकडचे मूत्रपिंड फोटोत उमटले. डावीकडचे उमटलेच नाही. तिथे फक्त खडा दिसत होता, फांद्या फुटलेला, आल्याच्या कुडीसारखा. मोठ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना म्हणाले, “ब्युटिफुल.” मग त्यांना आठवण झाली की हा खडा कुणाच्या तरी पोटात आहे. माझ्याकडे वळून त्यांनी सांगितले की आत पू झाला आहे, डावे मूत्रपिंड काढावे लागेल. उजव्यावर माणूस सबंध आयुष्य काढू शकतो. फक्त उजवे सांभाळायचे.

यजमानांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी विचारले, शाळेत कधी जाता येईल? 

*

वॉर्डात पहाटे पाचला तापमान, सहाला भांडे, सातला चहा आणि दहाला राऊंड. राऊंड म्हणजे मोठे डॉक्टर पुढे, लहान डॉक्टर मागे, त्यामागे विद्यार्थी, शेवटी सिस्टर वही घेऊन. देवाची स्वारी निघाल्यासारखे सगळे. खाटेवरच्या बायका नऊपासून पदर सारखे करून तयार असत. स्वारी माझ्यापाशी अर्धे मिनिट थांबे, आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी रात्रभर जपून ठेवलेले तीन प्रश्न मी दर वेळी विसरे.

शेजारच्या खाटेवर परंदवडीच्या काशीबाई होत्या. वय चाळिशीचे, दिसायला साठीच्या. त्यांना दोन्हीकडे खडे होऊन दोन्ही मूत्रपिंडे बसली होती. अंगावर सूज होती. त्यांना दिवसाला तीन कप पाणी, मोजून. शस्त्रक्रियेनंतर मला भरपूर पाणी, तेही मोजून. सिस्टर माझ्या उशाशी भरलेला जग ठेवी आणि तो रिकामा झाला नाही तर ओरडे. हाताच्या अंतरावर काशीबाई तो जग बघत पडून असत.

मी त्यांच्याकडे पाठ करून पिऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तोंड फिरवू नका, मास्तरीणबाई. बघू द्या. तुमी पेता तवा मला बी वाईच गार वाटतं.”

म्हणून मग मी त्यांच्याकडे तोंड करून पिऊ लागले. मी आयुष्यात केलेल्या कामांत ते सर्वांत अवघड होते.

त्यांची भाताची शेती होती, रोपांची आवणी त्या स्वतः करीत. एकदा मी विचारले, पाणी कमी पीत होता का? “आवणीला दिसभर गुडघाभर पाण्यात असतो आमी,” त्या म्हणाल्या. “पर पेलो न्हाई कदी. बांधावर समदे बापये. उठायचं कुटं?”

शस्त्रक्रियेनंतरच्या बाराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास काशीबाई गेल्या. आदल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, “माझ्या वाटचं बी प्या.” त्यांच्या उशाशी त्या दिवसाचा पहिला कप भरलेला होता. आयाने तो मोरीत ओतला आणि विसळून ठेवला. दहाचा राऊंड वेळेवर झाला.

*

घरी येताना पथ्याची छापील यादी मिळाली. टोमॅटो नको, पालक नको, दूध बेताने, पापड-लोणचे नको, मीठ कमी. सगळ्यात खाली, कागद संपत आला तिथे, ‘दिवसभर भरपूर पाणी.’

सासूबाईंनी ती यादी देवघराशेजारी खिळ्याला अडकवली आणि तिची अंमलबजावणी सुरू केली. घरात टोमॅटो आला तरी तो माझ्यासमोर चिरायचा नाही, इथवर वेळ आली. रोज सकाळी हुलग्यांचे कढण. पानफुटीची दोन पाने. शेजारच्या आबांनी आणलेली एक पुडी, जिच्यात काय आहे ते आबांनाही माहीत नव्हते. ती मी आबांचा मान ठेवून घेतली आणि मोरीचा मान ठेवून टाकली. पुढे डॉक्टरांना हुलग्यांबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “खुशाल घ्या. पण त्यात जो गुण आहे तो बहुतेक पाण्याचा आहे.”

चूक माझी झाली. ती सासूबाईंची नव्हे, आबांचीही नव्हे. मी पुन्हा शाळेत जाऊ लागले, शाळा होती तशीच होती, आणि मी गणिताची शिक्षिका आहे. दिवसाचे बारा पेले व्हायला हवेत. तर चार पेले पहाटे उठून आणि आठ पेले संध्याकाळी घरी आल्यावर. बेरीज बारा. पहाटे चार पेले पाणी पोटात ढकलताना ओकारी येई, पण आकडा भरला की समाधान वाटे. मधले साडेदहा तास पूर्वीसारखेच कोरडे. मी यजमानांना ही पद्धत समजावून सांगितली, तर त्यांनाही ती बरोबर वाटली. काशीबाईंनी सांगितलेले सगळे मला पाठ होते आणि त्यातले काहीही मी ऐकले नव्हते.

दीड वर्षाने पहार उजवीकडे फिरली.

*

दुखणे ओळखीचे होते, त्यामुळे त्याची भीती वाटली नाही. भीती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सकाळपासून लघवी झालीच नाही. दवाखान्यात नेले. यजमानांनी एका जुन्या मालपावतीच्या पाठीमागे रकाने आखले होते, एकात वेळ, दुसऱ्यात किती झाली ते. त्यांना सगळ्या गोष्टी अशाच समजत. आठ वाजले, दहा वाजले, बारा, दोन, चार. चार वाजता त्यांनी सबंध रकान्यात उभी रेघ मारून ‘निरंक’ लिहिले, पेन्सिल खिशात ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पडल्या पडल्या नलूचा विचार करावा असे ठरवले होते. पण मनात येत होता तो फक्त तो भरलेला कप.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खडा आपोआप पडला. आंबेमोहोराच्या कणीएवढा होता. सिस्टरने लघवी गाळलेल्या फडक्यावर तो दाखवला, तेव्हा एवढ्याशासाठी आपण मरणार होतो याची मला थोडी लाजच वाटली.

या खेपेला डॉक्टर एकटे आले, मागे स्वारी नव्हती. मी माझी बाराची बेरीज त्यांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“बाई, मूत्रपिंडाला सरासरी कळत नाही,” ते म्हणाले. “त्याला तासातासाला पाणी लागतं. आणि हे एकच आहे. हे बंद पडलं तर तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही.”

*

सासूबाई म्हणाल्या, “नोकरी सोड, सुमती. पोरीला आई पाहिजे, मास्तरीण नको.” मला वाईट वाटले ते त्या कठोर बोलल्या म्हणून नव्हे. त्या रडत होत्या, आणि त्यांचे बरोबर होते. यजमानांनी फक्त राजीनाम्याचा मसुदा पाहून एक शब्द दुरुस्त केला.

हेडमास्तरांनी राजीनामा वाचला. मुतारीचा प्रस्ताव योग्य मार्गाने वर गेलेला आहे, असे त्यांनी सांगितले. तो सात वर्षांपूर्वी गेला होता. मग लगेच निरोपसमारंभाचा विषय काढला. शाल द्यावी की साडी, अध्यक्ष कोण, हे ते मोठ्या आस्थेने बोलू लागले. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

शाळा झाडायला सोनामावशी येत. मूळच्या डोंगराकडच्या वाडीतल्या ठाकरीण. त्यांची झोपडी शाळेच्या मागच्या अंगाला, शंभर पावलांवर. सकाळी फाट्यांची मोळी कामशेतला विकून येत आणि मग झाडू घेत. त्यांनी विचारले, राजीनामा म्हणजे काय असते? नोकरी सोडते, मी म्हटले. का सोडते, हेही सांगितले, आजाराच्या नावासकट. इतक्या दिवसांत ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले असेल.

मावशींनी झाडू खाली ठेवला.

“मुतायला जागा न्हाई म्हून साळा सोडता व्हय?” त्या म्हणाल्या. “मंग पोरी तर कवाच सोडत्यात.”

मुली चौथीनंतर शाळेत का थांबत नाहीत, यावर मी तोवर वरिष्ठांना दोन अहवाल पाठवले होते. गरिबी, अज्ञान आणि लवकर होणारी लग्ने, ही तीन कारणे मी त्यात नीट क्रमाने मांडली होती. अहवालाची भाषा चांगली आहे असा अभिप्रायही आला होता. दहा-अकरा वर्षे माझ्यासमोर बसलेल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मला दिसले नव्हते. ज्या दिवशी दिसले, त्या दिवशी मी चौथीतल्या एकीला विचारले. ती म्हणाली, “तुमी कुटं पिता, बाई?”

मावशींनी आणि त्यांच्या सुनेने डोंगरातून कारवी तोडून आणली. मावळात घरांच्या भिंती जशा कारवीच्या काठ्या उभ्या लावून शेणामातीने लिंपतात, तसा त्यांनी झोपडीमागे तीन बाजूंनी कूड घातला, चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा लावला, आत दोन सपाट दगड आणि ओढ्याकडे जाणारी चर. काम चौथ्या दिवशी पुरे झाले. मी काय देऊ विचारले, तर मावशी म्हणाल्या, “प्या पानी, आन् काय.”

राजीनामा मी परत मागितला. हेडमास्तर जरा हिरमुसले. अध्यक्ष ठरले होते.

*

तेव्हापासून दर घंटेला एक पेला. वर्गातल्या मुलीही प्यायला लागल्या, आणि रांगेने आडोशाकडे जाऊ लागल्या. सुरुवातीला पारावरची मंडळी ‘बाईंचा पान्याचा तास झाला’ म्हणून हसत. मग त्यांना कंटाळा आला. पावसाने कूड कुजे, तो दर दिवाळीनंतर मावशी नवा घालीत.

ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा होऊ नये असे वाटते, त्यांना मला थोडेच सांगता येईल. पाणी तासातासाला प्या, एकदम नको. चहा त्यात धरू नका. लघवी फिकट आहे का ते बघा, त्याची लाज बाळगू नका. मीठ कमी करा. कढणे, पाने, पुड्या यांवर वाद घालू नका, पण त्यांवर विसंबूही नका. आणि पाणी प्यायच्या आधी, प्यायल्यावर जायचे कुठे याची व्यवस्था करा. छापील यादीत ही शेवटची गोष्ट नव्हती. काशीबाईंना ती कुणी सांगितली असती तरी करता आली नसती.

उजवे मूत्रपिंड अजून काम करते. वर्षातून एकदा फोटो काढते. फोटोच्या आदल्या दिवशी घरात कुणी फारसे जेवत नाही.

*

चार वर्षांपूर्वी शाळेत पक्की मुतारी झाली. मुलींसाठी आणि शिक्षिकांसाठी, विटांची, पत्र्याची. उद्घाटनाला तालुक्याचे सभापती यायचे होते. कारवीचा कूड पाहुण्यांच्या नजरेस बरा दिसणार नाही म्हणून हेडमास्तरांनी तो आदल्या दिवशी मोडवून टाकला. मावशींनी काठ्या चुलीला नेल्या.

सभापती अकराला येणार होते, ते दीडला आले. तोपर्यंत मी माझे पाणी वेळच्या वेळी घेत होते. न घेण्याचा विचार एकदा मनात आला, आणि मी तो ताबडतोब काढून टाकला. मंडपात कर्णा लावला होता. स्त्रीचे आरोग्य हाच राष्ट्राचा पाया, या विषयावर सभापती तासभर बोलले. मातृत्व झाले, स्वच्छता झाली, पुराणातल्या चार स्त्रिया झाल्या. मी खुर्चीच्या कडेवर बसून बोटे मोजत होते. शेजारी बसलेल्या सोनामावशी पुटपुटल्या, “बाई, वाईच दम धरा. आता लक्षुमीपातूर आलाय.”

अखेर फीत कापली. टाळ्या झाल्या. मी, नवीन आलेली शिक्षिका, मावशी आणि चौथीच्या सहा मुली पुढे सरकलो. हेडमास्तरांनी हात आडवा करून आम्हाला थांबवले, दार उघडले आणि सभापतींना आत सोडले. वाटेत तीन गावांत त्यांचा सत्कार झाला होता, आणि प्रत्येक ठिकाणी दोन कप चहा होता.